साध्या कागदावर

आमच्या नाशकात मरणाभोवतीच्या दानाची व्यवस्था फार जुनी आहे. रामकुंडावर कुठल्याही सकाळी जा. कुणी अस्थींचा कलश घेऊन आलेले असते, कुणाचा दहावा चाललेला असतो, पिंडाला कावळा शिवण्याची वाट बघत चार माणसे उन्हात ताटकळलेली असतात. पुढच्या तीन-चार दिवसांत छत्री, चपला, गादी-उशी, तांब्या-भांडे असे काय काय दिले जाते. गेलेल्याला वाटेत ऊन लागू नये, काटे टोचू नयेत, म्हणून. या दानाची चेष्टा करण्याचा माझा विचार नाही. आमच्या घरातल्या प्रत्येक माणसामागे आम्हीही ते केले आहे. फक्त एक गोष्ट मनात येत राहते. हे सगळे दान मागे राहिलेल्यांनी ठरवलेले असते. ज्याच्या नावाने ते होते त्याला काय द्यायचे होते, कुणाला द्यायचे होते, हे कुणी विचारलेले नसते. बहुतेकदा त्यानेही सांगितलेले नसते.

सांगायची सोय आहे आणि ती फुकट आहे. माझे यजमान नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला नुसते ‘प्रेस’ म्हटले की पुरते, छापखान्याचे नाव कुणी विचारत नाही. नोटांचा कारखाना वेगळा, मुद्रांकांचा वेगळा. हे दुसऱ्यात होते. १९२५ साली ही इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाली आणि तोवर लंडनहून छापून येणारी आपली टपाल तिकिटे नाशकात छापली जाऊ लागली. स्टॅम्प पेपरही इथलाच. त्यामुळे कोणतेही गंभीर काम स्टॅम्प पेपरावाचून होत नाही, अशी आमच्या घरात पक्की समजूत. माझे मृत्युपत्र करायला गेले तेव्हा ती वकीलबाईंनी एका वाक्यात मोडली. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. साधा कागद चालतो, हाताने लिहिलेले चालते. लिहिणाऱ्याची सही आणि त्याला सही करताना पाहिलेल्या दोघा साक्षीदारांच्या सह्या, एवढे हवे. नोंदणीही सक्तीची नाही. केलेली बरी, इतकेच. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका, असे बाईंनी वर बजावले. हा सगळा कारभार ज्या कायद्याने चालतो तो भारतीय उत्तराधिकार कायदाही नेमका १९२५चाच. प्रेस आणि हा कायदा एका वयाचे. पण आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा कागद प्रेसच्या कागदावाचून होतो, हे ह्यांना कळले असते तर ते दुखावले असते.

याच कायद्यात एक चमत्कारिक कलम होते, ११८वे. ते ख्रिस्ती माणसांना लागू होते. पुतण्या-भाचा किंवा त्याहून जवळचे नातलग हयात असतील, तर धर्मादायाला मृत्युपत्राने काही ठेवायचे झाल्यास ते मृत्युपत्र मरणाआधी किमान बारा महिने केलेले हवे आणि केल्यापासून सहा महिन्यांत सरकारदरबारी जमा केलेले हवे. नाहीतर दान रद्द. हिंदूंना, मुसलमानांना असे बंधन नव्हते. केरळातल्या एका ख्रिस्ती धर्मगुरूंनी याला आव्हान दिले आणि जुलै २००३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून काढून टाकले. योग्यच झाले. एकाच धर्माच्या माणसांना दान करण्याची ही अडचण का म्हणून? तरी त्या कलमामागचा संशय मला खोटा वाटत नाही. अंथरुणाला खिळलेला माणूस भीतीपोटी देतो, उशाशी बसलेल्याच्या सांगण्यावरून देतो, आणि ते देणे खरे त्याचे नसते. म्हणूनच धडधाकट असताना, चहाचा कप बाजूला ठेवून, चष्मा लावून, हिशेब करून ठरवलेले दान मला अधिक मोलाचे वाटते.

असे एक दान मी माझ्या मृत्युपत्रात लिहिले आहे, मुलांच्या रुग्णालयाला. मुलांच्याच रुग्णालयाला का, हे सांगायला थोडे मागे जावे लागेल. माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा काही महिन्यांचा असताना निळा पडू लागला. इथल्या डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितले. पंचवटी एक्स्प्रेसने दादर, तिथून परळ. आचार्य दोंदे मार्गावर एका बाजूला टाटा, एका बाजूला केईएम आणि तिथेच वाडिया. सोबत कुणी बाईमाणूस हवे म्हणून मी गेले होते. व्हरांड्यात सतरंज्या टाकून बसलेल्या आयांमध्ये आमच्या जिल्ह्याच्या कितीतरी निघाल्या. पेठची एक, सुरगाण्याची एक, एक चांदवडकडची. सुरगाण्याच्या बाईला मुंबईची मराठी कळत नव्हती आणि सिस्टरला तिची कोकणी. मधे मी दुभाषी झाले, तेही अर्धेमुर्धे. आमचा पोरगा वाचला. आता त्याला स्वतःची मुले आहेत. सुरगाण्याच्या बाईच्या बाळाचे पुढे काय झाले ते मला कळले नाही.

तिथे नाव वाचले, बाई जेरबाई वाडिया. कोण ही बाई, याचा शोध मी बऱ्याच वर्षांनी घेतला. बॉम्बे डाइंग काढणाऱ्या नवरोजी वाडियांची ही पत्नी. मुंबईत पारशी कुटुंबांसाठी तिने स्वस्त भाड्याच्या बागा, म्हणजे वसाहती, बांधल्या. १९२६मध्ये ती गेली. नेस आणि कुसरो या तिच्या मुलांनी त्याच वर्षी वडिलांच्या नावाने प्रसूतिगृह सुरू केले आणि १९२९मध्ये आईच्या नावाने मुलांचे रुग्णालय. दोन्ही शेजारी शेजारी, गिरणगावाच्या मध्यावर. ज्यांच्या श्रमांवर गिरण्या चालल्या त्यांच्याच वस्तीत. आपल्याकडे आईच्या नावाने सहसा देवळात फरशी बसते किंवा शाळेत पाण्याची टाकी येते. या दोघांनी आईच्या नावाने मुले वाचवायची सोय केली. श्रीमंत होते, त्यांना परवडले, हे खरेच. पण श्रीमंत तर पुष्कळ असतात.

त्याच १९२९ साली लंडनमध्ये आणखी एक गोष्ट घडली. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरचे मुलांचे रुग्णालय १८५२पासूनचे. त्याला वाढीसाठी जागा घ्यायची होती. ‘पीटर पॅन’ लिहिणारे जे. एम. बॅरी यांना निधी समितीवर यायची विनंती झाली. त्यांनी नकार दिला. मात्र दुसऱ्या काही मार्गाने मदत करता येते का ते पाहतो, म्हणाले. आणि थोड्याच दिवसांत पीटर पॅनचे सगळे हक्क रुग्णालयाला देऊन टाकले. पुढे मृत्युपत्रातही त्यांनी ते कायम केले. त्यातून किती पैसे येतात ते जाहीर करू नये, एवढीच इच्छा. १९३७मध्ये बॅरी गेले. पन्नास वर्षांनी, १९८७ला, स्वामित्वहक्क संपला. तेव्हा माजी पंतप्रधान जेम्स कॅलहान यांनी खटपट करून १९८८च्या कायद्यात खास तरतूद घालून घेतली: ब्रिटनमध्ये पीटर पॅनचे मानधन या रुग्णालयाला कायम मिळत राहील. कधीही मोठा न होणारा मुलगा, आणि त्याच्या कमाईवर दुसऱ्यांची मुले मोठी होतात. बॅरींना स्वतःचे मूल नव्हते.

मला या दोन दानांतला फरक महत्त्वाचा वाटतो. वाडियांनी मुख्यतः वास्तू दिली, संस्था उभी केली. चालवण्याच्या खर्चाचा मोठा वाटा महापालिका आणि सरकार यांनी उचलायचा, अशी करारांची रचना होती. नव्वद वर्षांनी, जानेवारी २०२०मध्ये, थकलेल्या अनुदानावरून पालिका, सरकार आणि रुग्णालयाचे व्यवस्थापन यांचा वाद इतका विकोपाला गेला की वाडिया बंद पडते की काय अशी वेळ आली. कर्मचारी रस्त्यावर उतरले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. पुतळ्यांसाठी तुमच्याकडे पैसे आहेत आणि लोकांच्या आरोग्यासाठी नाहीत, असे न्यायमूर्तींनी सरकारला सुनावले. मग पैसे सुटले. भिंती तेव्हाही भक्कम होत्या. नव्हता तो पुढच्या महिन्याचा पगार. बॅरींनी दिले ते याच्या उलटे: इमारत नाही, वर्षानुवर्षे येत राहणारे, जमेल तिथे खर्चता येणारे पैसे.

आपण दान देताना डोळ्यांना दिसेल असे काही शोधतो. पंखा, बाक, व्हीलचेअर, कूलर, वॉर्ड. त्यावर रंगाने नाव घालता येते. रात्रपाळीच्या नर्सवर नाव कसे घालणार? ऑक्सिजनच्या नळीची दर तीन महिन्यांची तपासणी, विजेच्या वायरिंगची दुरुस्ती, जनरेटरचे डिझेल, औषधांच्या फ्रिजचा बिघाड काढणारा माणूस यांच्यासाठी ‘स्मरणार्थ’ कुणी देत नाही. आणि मुले नेमकी तिथेच जातात. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागली, दहा बाळे गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आमच्या नाशकात झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि पुरवठा खंडित होऊन २२ रुग्ण दगावले. ती मोठी माणसे होती, पण टाकीला वय कळत नाही. त्याआधी, ऑगस्ट २०१७ या एका महिन्यात, नाशिकच्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात ५५ बालके गेली. बहुतेक बाळे दिवस न भरता जन्मलेली, फार कमी वजनाची, फार उशिरा आणलेली होती, असे तेव्हा प्रशासनाने सांगितले. ते खोटे नसेल. पण एका पेटीत एकाहून जास्त बाळे ठेवावी लागत होती, हेही तेव्हाच वर्तमानपत्रांत आले होते. तेव्हा नाशकात खूप हळहळ झाली. काही मंडळांनी त्या वर्षी गणपतीची आरास साधी केली असती तर मला बरे वाटले असते.

नाव घालू नये, असे मात्र मी म्हणत नाही. नावाचे काय होते ते नाशकात राहून चांगले कळते. आमची मुले ‘एचपीटी’त शिकतात, ‘बीवायके’त शिकतात. हंसराज प्रागजी ठाकरसी कोण आणि भिकुसा यमासा क्षत्रिय कोण, हे त्या कॉलेजांच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या दहा पोरांना विचारा. नऊ जण मोबाइल काढतील. दाते आद्याक्षरांत विरघळून गेले, कॉलेजे उरली. यात वाईट काही नाही, उलट मला ते छान वाटते. आणि ज्यांना नाव राहावे अशी फारच इच्छा आहे त्यांनी काळजी करू नये. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पणजोबांपासून सगळ्यांची नावे आहेत. तिथे पाटी लागत नाही.

अशीच दोन आद्याक्षरे वाडियाच्या शेजारी आहेत: ‘जीएस’. केईएम रुग्णालयाला जोडलेले सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज. गोरधनदासांच्या पश्चात त्यांच्या इस्टेटीच्या विश्वस्तांनी या कॉलेजासाठी पैसे दिले ते एका अटीवर: इथले अध्यापक भारतीयच असतील, आणि सरकारी नोकरीतले नसतील. मुंबईत त्या वेळी वैद्यकीय शिक्षणातल्या वरच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवल्यासारख्या होत्या. १९२६मध्ये कॉलेज उघडले आणि भारतीय डॉक्टरांना स्वतःचे घर मिळाले. एका मृत माणसाच्या पैशाला घातलेल्या अटीने जिवंत सरकारला वळवले.

हे वाचल्यावर माझी पंचाईत झाली. कारण तोवर माझे मत पक्के होते की दानाला अट घालू नये. इथे तर अटीनेच सगळे काम केले होते. विचार करता एक दिसले. ती अट कुणाला तरी आत घेणारी होती, दार उघडणारी. आपल्या अटी बहुधा दार लावणाऱ्या असतात: अमक्या जातीच्या मुलासाठी, तमक्या गावच्या रुग्णासाठी, फक्त व्याजातून, फक्त रामनवमीला. माझ्या जुन्या शाळेत एका कैलासवासी गृहस्थांच्या नावाने पहिल्या येणाऱ्याला बक्षीस होते. ठेव ठेवली तेव्हा त्या व्याजात चांगला शब्दकोश येत असे. मी शिक्षिका म्हणून निवृत्त होईपर्यंत त्या व्याजात प्रमाणपत्राचा जाड कागदसुद्धा येईना. मुद्दलाला हात लावायचा नाही, ही अट होती. नव्वदच्या दशकात बँका ठेवीवर बारा टक्के देत. पुढे ते सहा-सातवर आले. महागाईला अटी वाचता येत नाहीत.

म्हणून मी माझ्या कागदात रक्कम लिहिली नाही, हिस्सा लिहिला. मी जाईन त्या दिवशी ठेवींत जे शिल्लक असेल त्याचा दहावा भाग. दवाखान्यात माझ्यावरच सगळे खर्च झाले तर दहाव्या भागाला काही उरणार नाही आणि कुणावर ओझेही पडणार नाही. त्यातला अर्धा वाडियाला, अर्धा इथल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या बालविभागाला. त्यापुढे एकच ओळ: हे पैसे कायम निधीत न टाकता रोजच्या खर्चासाठी, रुग्णालयाला गरज वाटेल तिथे वापरावेत. ‘कायम निधी’ शब्द चुकून लिहिला तर विश्वस्तांचे हात बांधले जातात, हे वकीलबाईंनी सांगितले तेव्हा मला शाळेतले ते बक्षीस आठवले. संस्थेचे पूर्ण नाव, पत्ता आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदणीचा क्रमांक घाला, असेही त्या म्हणाल्या. नुसते ‘मुलांच्या दवाखान्याला’ लिहिले तर पुढे तीन दवाखाने कोर्टात उभे राहतात. आणि ती संस्था तोवर राहिलीच नाही तर तशाच कामाच्या दुसऱ्या संस्थेला, ही ओळही हवी. नसेल तर मूळ हेतूच्या जवळचे काम शोधायला कायद्यात वाट आहे, पण ती धर्मादाय आयुक्तांच्या आणि न्यायालयाच्या दारावरून जाते. लांबची आहे.

मुलांना सांगितले तेव्हा लेक लगेच ‘चांगले केलेस’ म्हणाली. मुलगा थोडा वेळ गप्प बसला.

“आई, मी देणार नाही असे वाटले का तुला?”

“तू देशील रे. पण ते तुझे देणे होईल.”

त्याला ते पटले की नाही ठाऊक नाही. घर दोघांना आहे, सोने लेकीला आणि सुनेला आहे, याची त्याला कल्पना आहे. न सांगता कपाटात ठेवलेले मृत्युपत्र तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भांडण लावते. त्यापेक्षा हे थोडा वेळचे गप्प बसणे बरे.

परदेशात अशा दानाचे प्रमाण मोठे आहे, त्याला नुसती भूतदया कारण नाही. ब्रिटनमध्ये मोठ्या वारशावर ४० टक्के कर असतो. धर्मादायाला ठेवलेला भाग करमुक्त. आणि मालमत्तेचा दहावा हिस्सा धर्मादायाला दिला तर उरलेल्यावरचा दर ३६ टक्क्यांवर येतो. आपल्याकडचा इस्टेट ड्यूटी कायदा १९५३चा, तो १९८५मध्ये रद्द झाला. तेव्हापासून मागे ठेवलेल्या मालमत्तेवर तसा कर नाही, त्यामुळे तो वाचवण्यासाठी दान करण्याचे निमित्तही नाही. म्हणजे आपल्याकडे मृत्युपत्रात रुग्णालयाचे नाव लिहिणाऱ्याला बदल्यात काहीच मिळत नाही. पावतीसुद्धा नाही, ती घ्यायला तो नसतो. याउलट, सुनील गावसकरांनी ७१व्या वाढदिवसाला, आपल्या ३५ आंतरराष्ट्रीय शतकांच्या हिशेबाने, खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात ३५ मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांचा खर्च उचलला. अशी मुले दात्याला पाहायला मिळू शकतात. जिवंतपणी देण्याचा हा मोठा आनंद आहे आणि ज्याला जमेल त्याने तो घ्यावाच. माझ्यासारख्या पेन्शनवाल्या माणसाला मात्र पुढचे आजारपण किती वर्षांचे, याचा भरवसा नसतो. हातचे देववत नाही. मागे उरेल त्यातले देणे आम्हालाही जमण्यासारखे आहे.

अडचण अशी की आम्हाला कुणी विचारत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या रुग्णालयांत याच कामासाठी माणसे नेमलेली असतात; वयस्कर देणगीदाराशी बसून ती हे बोलतात. आपल्याकडे ‘तुमच्या पश्चात आम्हाला काही ठेवा’ म्हणणे म्हणजे समोरच्याच्या मरणाची वाट बघणे, असे वाटते. संकोच मला कळतो. पण ज्या शहरात दशक्रियेच्या साहित्याची यादी छापील मिळते तिथे या संकोचाला फारसा अर्थ नाही. मुलांवर उपचार करणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे: देणगीच्या पावतीपुस्तकात मागची बाजू कोरी असते. तिथे संस्थेचे पूर्ण नोंदणीकृत नाव, क्रमांक, आणि मृत्युपत्रात लिहायचा दोन ओळींचा मजकूर छापा. तोंडाने काही मागायला नको. पावती घरी नेऊन माणसे उलटून बघतात.